कोळीवाड्याच्या शेजारचं स्टेशन

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघालं की अर्ध्या तासाच्या चालीत मुंबई रेडिओचा जवळजवळ सगळा इतिहास पायाखालून जातो. कुलाबा कॉजवे ओलांडून समुद्राकडे गेलं की आर्थर बंदर रोडवर रेडिओ क्लब लागतो. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे अपोलो बंदर, जिथे १९२७ साली देशातलं पहिलं रीतसर नभोवाणी केंद्र सुरू झालं. उलट दिशेने बॅकबेच्या भराव जमिनीवरून चालत गेलं तर मंत्रालयाच्या शेजारी आकाशवाणी. तिथल्या आमदार निवासालाही लोक ‘आकाशवाणी आमदार निवास’च म्हणतात.

इतकं सगळं दाराशी असूनही इथल्या दर्यावर्दी लोकांची बोली आणि गाणी या रेडिओवर आली ती पाहुण्यासारखी: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटं. मुंबईच्या रेडिओचा इतिहास सांगताना आपण निवेदकांचे आवाज आणि गाजलेले कार्यक्रम आठवतो. वेळापत्रक कोण लिहीत होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. या लेखात मुख्यतः तेच पाहायचं आहे.

हौशी मंडळींचा काळ

भारतातलं प्रक्षेपण सरकारने सुरू केलं नाही, तसं ते व्यापाऱ्यांनीही केलं नाही. ते हौशी लोकांनी केलं. जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने मुंबईतून कार्यक्रम हवेत सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने, आणि १९२४ मध्ये मद्रासच्या क्लबने तेच केलं. प्रक्षेपक लहान, पैसा सभासदांच्या वर्गणीचा आणि श्रोतेही बहुतेक सभासदच. ऐकणाऱ्याला कानाला हेडफोन लावून क्रिस्टलच्या खड्यावर सुई सरकवत बसावं लागे.

त्याच हौशी परंपरेतून पुढे कुलाब्याचा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ उभा राहिला. आज तिथे पोहणं, पत्ते, जेवणावळी आणि लग्नाचे स्वागतसमारंभ चालतात. नावातला रेडिओ तेवढा उरला आहे.

रेडिओ हाउस, अपोलो बंदर

हौशी प्रयोगांनंतर धंदेवाईक कंपनी आली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी मंडळी, अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं आणि महिनाभराने कलकत्त्याचं. स्टुडिओ अपोलो बंदरावरच्या रेडिओ हाउसमध्ये, प्रक्षेपक वरळीला. दीड किलोवॅटचा मध्यम लहरींचा हा प्रक्षेपक साधारण तीस मैलांपर्यंत नीट ऐकू येई. उद्घाटनाच्या आठवडाभर आधीच कंपनीने ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे पाक्षिक काढलं होतं. त्यात पुढच्या पंधरवड्याचा कार्यक्रम छापलेला असे.

कंपनीचं गणित मात्र पहिल्या दिवसापासून चुकत गेलं. उत्पन्न दोन वाटांनी यायचं: रेडिओ संचाच्या परवान्याची वर्षाला दहा रुपये फी आणि आयात केलेल्या संचांवरचा कर. दोन्ही श्रोत्यांच्या संख्येवर अवलंबून, आणि श्रोते होतेच कुठे? १९२७ अखेर देशभरात परवाने होते ३,५९४. तीन वर्षांतही हा आकडा आठ हजारांच्या आतच राहिला. व्हॉल्व्हचा बरा संच घ्यायचा तर काही शे रुपये लागत, आणि गिरणीतल्या कामगाराचा तो बऱ्याच महिन्यांचा पगार झाला. फुकट ऐकणारेही होतेच.

म्हणजे पहिल्या मुंबई केंद्राचे श्रोते कोण, तर फोर्ट, मलबार हिल आणि कुलाब्यातले युरोपियन, पारशी, गुजराती आणि काही सुखवस्तू मराठी घरं. कार्यक्रमही त्यांच्याचसाठी आखलेले. पाश्चात्त्य संगीताचा तास वेगळा, ‘भारतीय’ तास वेगळा. बंदरावर जाळी सुकवणाऱ्यांपर्यंत आवाज पोचायला यांत्रिक अडचण काहीच नव्हती. अडचण पैशांची होती. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली.

सरकारच्या हाती, आणि एक परका सूर

१ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्र ताब्यात घेतलं. नाव ठेवलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. तोटा होतो म्हणून पुढच्याच वर्षी ते बंद करायचंही ठरलं. लोकांचा ओरडा झाला, व्यापाऱ्यांची निवेदनं गेली आणि काही आठवड्यांत सरकारने निर्णय फिरवला. १९३५ मध्ये बीबीसीतून लायनेल फील्डन आले आणि ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं.

या काळातली मुंबई केंद्राची सगळ्यात टिकाऊ देणगी म्हणजे आकाशवाणीची ती संकेतधून. सकाळी प्रक्षेपण सुरू होण्याआधी व्हायोलिनवर वाजणारी, शिवरंजनीची आठवण करून देणारी. सर्वसाधारणपणे तिचं श्रेय वॉल्टर कॉफमान यांना दिलं जातं. कॉफमान हे बोहेमियातले ज्यू संगीतकार, जन्म १९०७. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपात आपलं भवितव्य नाही हे ओळखून ते १९३४ मध्ये मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत इथेच राहिले. काही वर्षं मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. आल्या आल्या त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. तिच्यात व्हायोलिन वाजवायला मेहली मेहता होते, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. त्या संकेतधुनेतलं व्हायोलिनही मेहलींचंच, असं सांगतात.

मला या गोष्टीत कौतुकाइतकंच आश्चर्य वाटतं. कॉफमान यांना आधी भारतीय संगीत परकं वाटलं. ते त्यांनी मान्य केलं, पण तिथेच थांबले नाहीत. गायकांच्या बैठकी ऐकल्या, राग समजून घेतले आणि पुढे अमेरिकेत जाऊन भारतीय रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. कोट्यवधी भारतीयांची सकाळ ज्या सुरांनी उजाडली, ते बहुधा एका निर्वासिताने मुंबईत बसवले. त्याच शहराच्या किनाऱ्यावरचं कोळीगीत मात्र त्याच केंद्रावर ‘लोकसंगीत’ या कप्प्यात गेलं. परक्याला मुख्य दारातून प्रवेश मिळाला आणि शेजाऱ्याला बाजूच्या दारातून. याचा दोष कॉफमानना देता येणार नाही. शिकलेल्या, लिहून ठेवलेल्या संगीताला रेडिओच्या कचेरीत मान असतो, आणि ओव्यांसारखं तोंडातोंडी चालणारं गाणं त्या मानाच्या यादीत उशिरा येतं, हा तेव्हाचा सगळीकडचाच रिवाज होता.

तेव्हाचा दुसरा मोठा निर्णय म्हणजे १९४० ची हार्मोनियमबंदी. पेटीचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड येत नाही, श्रुती हरवतात, असा आक्षेप होता. शास्त्रीय संगीताच्या बाजूने त्यात तथ्य आहेच. पण पेटीवर उभी असलेली मराठी नाट्यसंगीताची आणि भजनी मंडळांची दुनिया या बंदीने रेडिओपुरती पंगू केली. ही बंदी उठायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही ती पूर्णपणे उठली नाही.

गिरगावातलं चोरटं केंद्र

सरकारी रेडिओच्या नाकासमोर ऑगस्ट १९४२ मध्ये आणखी एक केंद्र सुरू झालं. उषा मेहता, विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवर, रोज थोडा वेळ. पोलिसांना लहरींचा माग लागू नये म्हणून चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, व्ही. पी. रोड असं ते घर बदलत राहिलं. राम मनोहर लोहियांची भाषणं त्यावरून गेली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. खटल्यात ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानीही आरोपी होते. ते सुटले, उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे केंद्र गाण्यांचं नव्हतं. तरीही इथे त्याचा उल्लेख हवा, कारण मुंबईत सरकारच्या परवानगीविना माणसांनी स्वतःचा रेडिओ चालवला, त्याचं हे ठळक उदाहरण आहे. चालला अडीच महिने.

केसकरांची बंदी आणि कोलंबोची चंगळ

स्वातंत्र्यानंतर माहिती आणि नभोवाणी खातं १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. मराठी माणूस, संगीताचा जाणकार आणि अतिशय हट्टी. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटसंगीताची वेळ कापली गेली, निर्मात्यांशी हक्कांवरून वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. त्याच्या जागी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, वाद्यवृंद आणि सुगम संगीत आलं. केसकरांच्या धोरणातलं सुगम संगीत मराठीला फार मानवलं. भावगीत ही आकाशवाणीची जवळजवळ घरचीच लेक ठरली. पुण्यात १९५३ मध्ये केंद्र सुरू झालं, आणि तिथून १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण घराघरांत पोचलं. ते याच हवेत शक्य झालं.

हिंदी गाण्यांचे श्रोते मात्र शांतपणे बटण फिरवून कोलंबोकडे गेले. रेडिओ सिलोनच्या लघुलहरी मुंबईत लख्ख ऐकू येत. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईचे आणि ध्वनिमुद्रणही मुंबईतच. टेप विमानाने कोलंबोला जात आणि तिथून आवाज समुद्रावरून परत मुंबईला येई. म्हणजे शहरातच बोललेला शब्द शहराला ऐकवायला दुसऱ्या देशाचा प्रक्षेपक लागत होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आल्याचं सयानी सांगत असत. अभिरुची घडवायची म्हणून सरकारने दार लावलं, आणि श्रोत्यांनी खिडकी शोधली.

सरकारला चूक उमगली, तशी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. पहिलं गाणं मन्ना डे यांच्या आवाजातलं. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर या तीन केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. आकाशवाणीवर पैसे घेऊन वेळ विकायची सुरुवात देशात इथूनच झाली.

गोव्याकडून येणारा आवाज

केसकरांच्या काळात मुंबईकरांची आणखी एक खिडकी दक्षिणेकडे उघडत होती. पोर्तुगीज राजवटीत २८ मे १९४६ रोजी पणजीत ‘एमिसोरा द गोवा’ सुरू झालं. पोर्तुगीज, कोकणी, मराठी आणि इंग्रजी असे त्याचे कार्यक्रम होते, आणि हिंदी चित्रपटगीतंही तिथून ऐकायला मिळत. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे खलाशी, आचारी आणि वाजंत्री गोवेकर यांना त्या आवाजातून आपलं गाव भेटत होतं. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत तेव्हा गोव्याचेच वादक भरलेले होते. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. 

याच वर्षांत आंबोलीच्या घाटात, म्हणजे सावंतवाडीच्या माथ्यावर, पोर्तुगीज आणि कोकणीतून बोलणारं आणखी एक केंद्र चाललं होतं. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीसाठी चालवलेलं भूमिगत प्रक्षेपण. नंतर ते कॅसलरॉकच्या जंगलात हललं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ९ जानेवारी १९६२ पासून पणजीला आकाशवाणी बोलू लागली.

मुंबई ‘ब’ आणि कोळीगीत

आता आपल्या वेळापत्रकाकडे. मुंबई केंद्राला एकाच छताखाली मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, सिंधी, कोकणी अशा भाषा सांभाळायच्या होत्या. मराठीचा मोठा हिस्सा मुंबई ‘ब’वर, जिला पुढे अस्मिता वाहिनी म्हणू लागले. सकाळची भक्तिगीतं, दुपारी ‘वनिता मंडळ’, संध्याकाळी ‘कामगार सभा’, रात्री श्रुतिका, शिवाय ‘आपली आवड’च्या फर्माइशी. परळ-लालबागच्या चाळींत संध्याकाळी कामगार सभा सुरू झाली की पाळीवरून आलेला माणूस आंघोळ करता करता ऐके. ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तर घरातलीच माणसं झाली होती. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांचे आवाज रस्त्यावर ओळखले जात.

या वेळापत्रकात कोळीगीत होतं कुठे? लोकसंगीताच्या पंधरा-वीस मिनिटांत, कामगार सभेत, आणि नारळी पौर्णिमेला. नारळी पौर्णिमेला तर हमखास. श्रावण आला की जसं मंगळागौरीचं, तसं दर्याला नारळ वाहण्याच्या दिवशी कोळ्यांचं. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोकगायकांनी रेडिओवर कोळीगीताचा ठसका पोचवला. पण बाकीच्या महाराष्ट्राला कोळीगीत म्हणून जे ओळखीचं झालं, ते बरंचसं शांता शेळके यांच्या शब्दांतलं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्या गळ्यातलं. गाणी सुंदर आहेत, यात शंका नाही. बोलीचा बाज जपला आहे, वल्ह्याचा ठेका पकडला आहे. तरीसुद्धा ती कोळीवाड्याबाहेर बसून रचलेली आणि मध्यमवर्गीय मराठी कानाला रुचतील अशी धुऊनपुसून घेतलेली. हळदीच्या रात्री बायका कडी-कडीने जे गात, त्यातला खट्याळपणा आणि नावं घेऊन केलेली थट्टा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत येऊ शकत नव्हती, कारण सरकारी रेडिओला सभ्यतेची चाळणी होती.

ती चाळणी तोडली कॅसेटने. १९८० नंतर टेपरेकॉर्डर स्वस्त झाले आणि कोळीवाड्यांतल्या मंडळांनी स्वतःची गाणी स्वतः मुद्रित केली. वेसाव्याची ‘वेसावकर आणि मंडळी’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. लग्नाची वरात, पालखी, गणपतीचं विसर्जन, कुठेही लाउडस्पीकरवर हीच गाणी. गाणाऱ्यांची बोली, ठेका ढोलकी-कॅसिओचा, आणि कोणाच्या परवानगीची गरज नाही. कोळीगीत महाराष्ट्रभर नाचायचं गाणं झालं ते या कॅसेटमुळे. यात रेडिओचा वाटा नगण्य, हे आकाशवाणीचा चाहता असूनही मला मान्य करावं लागतं.

एक भौगोलिक योगायोग सांगावासा वाटतो. रेडिओचा पहिला स्टुडिओ कुलाब्याच्या कोळ्यांच्या शेजारी. पहिला प्रक्षेपक वरळीला, म्हणजे वरळी कोळीवाड्याच्या अंगणात. पुढे मोठे प्रक्षेपक मालाडला मालवणीत उभे राहिले, तिथून मढ-मार्व्याचे कोळीवाडे हाकेच्या अंतरावर. उघडी, पाणथळ, खाऱ्या पाण्याजवळची जमीन मध्यम लहरींना मानवते, आणि तशाच जमिनीवर कोळ्यांची वस्ती आधीपासून होती.

बावटा आणि बातमी

गाण्यांपेक्षा कोळ्यांना रेडिओची खरी गरज होती ती हवामानासाठी. बंदरावर चढवलेला धोक्याचा बावटा किनाऱ्यावरच्याला दिसतो. चार-पाच दिवस दर्यात असलेल्या तांडेलाला दिसत नाही. ट्रान्झिस्टर आला आणि ही स्थिती बदलली. व्हॉल्व्हच्या संचाला वीज किंवा मोठी बॅटरी लागे. साठच्या दशकात हातात मावणारा ट्रान्झिस्टर होडीत चढला. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यांत वाऱ्याचा वेग, दिशा आणि ‘समुद्र खवळलेला राहील’ हे ठरलेलं वाक्य असे. ते ऐकून नाखवा होडी फिरवायची की जाळं टाकायचं ते ठरवी. कोकण किनाऱ्यासाठी १९७७ मध्ये रत्नागिरी केंद्रही आलं.

ही यंत्रणा नेहमी पुरेशी ठरली असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा हंगाम ऐन भरात होता, होड्या खोल समुद्रात होत्या, आणि कोकणातले कितीतरी खलाशी परतले नाहीत. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते येईपर्यंत व्हीएचएफ संच, मोबाइल संदेश आणि उपग्रहाची माहिती यांनी रेडिओची बरीच जागा घेतली होती. तरी किनारा दूर राहिला, मोबाइलचा टॉवर मागे पडला की मध्यम लहरी अजून ऐकू येतात. इथे मात्र वेळापत्रक सरकारी असल्याचा फायदाच आहे: ऐकणारे कितीही थोडे असोत, जाहिरात मिळो न मिळो, इशारा द्यावाच लागतो.

एफएमचा लिलाव

ऑगस्ट १९९३ मध्ये मुंबई आणि दिल्लीच्या सरकारी एफएमवर खासगी कंपन्यांना तासांच्या हिशेबाने वेळ मिळू लागला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. त्यानंतर खासगी वाहिन्यांचा रस्ता मोकळा झाला आणि २००२ मध्ये मुंबईत त्या एकामागोमाग एक सुरू झाल्या.

निकालातल्या ‘सार्वजनिक’ या शब्दाचा व्यवहारात अर्थ झाला लिलाव. मुंबईच्या परवान्याची बोली वर्षाला ९ कोटी ७५ लाखांवर गेली, वर दरसाल पंधरा टक्के वाढ. एवढे पैसे भरून बसलेला मालक काय वाजवणार? ज्याला सगळ्यात जास्त जाहिरात मिळते तेच: ताजी हिंदी चित्रपटगीतं. सगळ्या वाहिन्यांवर तीच वीस-पंचवीस गाणी फिरत राहिली. मुंबईत मराठी गाणं ऐकू येत नाही अशी तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली, त्यावर राजकीय आंदोलनंही झाली. मराठीचीच ही गत, तर कोळी बोलीचं नाव कोण काढणार! २००५ नंतर सरकारने ठोक फीऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. ओझं हलकं झालं, गाण्यांची निवड फारशी बदलली नाही.

पहाटेचे तास विकत घेणारे

वेळापत्रकात जागा नसलेल्यांनी ती कशी मिळवली, हे पाहताना अमेरिकेतल्या स्पॅनिश रेडिओची सुरुवात आठवते. १९२० च्या दशकाअखेर लॉस एंजेलिसमध्ये पेद्रो गोन्झालेस नावाचा मेक्सिकन गायक इंग्रजी स्टेशनांवर पहाटेचा वेळ मिळवून गाऊ लागला. पहाटे चार ते सहा, कारण त्या वेळी इंग्रजी श्रोते झोपलेले आणि वेळ स्वस्त. त्याचे श्रोते मात्र जागे होते: शेतमजूर, वीटभट्टीवाले, बांधकामावर निघालेले. त्याच्या संचाचं नावही पहाटे उठणाऱ्यांवरूनच पडलं होतं. त्याला पुढे तुरुंगात टाकलं गेलं, पण पहाटेच्या तासांची ती युक्ती इतरांनी उचलली.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या राउल कोर्तेस यांनीही आधी दुसऱ्यांच्या स्टेशनवर वेळ विकत घेतला. मग १९४६ मध्ये ‘केसीओआर’ (KCOR) हे स्वतःचं केंद्र सुरू केलं. अमेरिकेतलं मेक्सिकन मालकीचं, पूर्ण वेळ स्पॅनिश बोलणारं ते पहिलं केंद्र मानतात. वेळ विकत घेण्यापासून स्टेशन विकत घेण्यापर्यंतचा हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. ससून डॉकवर पहाटे बोटी लागतात, लिलाव होतात, टोपल्या भरतात. कोळणींच्या दिवसाची सुरुवात बाकी मुंबई झोपेत असताना होते. पहाटेचा श्रोता आपल्याकडेही होता. त्याला उद्देशून स्वस्तातले तास विकायची सोय आपल्या रेडिओच्या रचनेत कधीच नव्हती. सुरुवातीला सगळे तास सरकारचे, आणि नंतर सगळे तास कोट्यवधींचे.

पांबनचं उदाहरण आणि शंभर वॅट

डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ अखेर सामाजिक संस्थांना छोटं केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. याला कम्युनिटी रेडिओ म्हणतात. प्रक्षेपणाची शक्ती साधारण शंभर वॅट, अँटेना तीस मीटरपर्यंत, कार्यक्रमांतला निम्मा भाग तरी स्थानिक हवा. बातम्या मात्र फक्त आकाशवाणीच्या. महाराष्ट्रात म्हसवडचं माणदेशी तरंग आणि पुणे विद्यापीठाची विद्यावाणी अशी केंद्रं यातूनच उभी राहिली.

मच्छीमारांचं स्वतःचं केंद्र पाहायचं तर रामेश्वरमच्या पांबन बेटावर जावं लागतं. १५ ऑगस्ट २०१६ रोजी तिथे ‘कडल ओसै’ ९०.४ वर सुरू झालं. वारा, लाटा, बाजारभाव, समुद्रातल्या जिवांची माहिती आणि मधूनमधून गाणी. बोलणारे, गाणारे, भांडणारे सगळे किनाऱ्यावरचेच. होडीतला माणूस मोबाइलमधल्या एफएमवर ऐकतो.

कफ परेडला असं केंद्र झालं तर? मच्छीमार नगरापासून दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर कुलाबा, ससून डॉक, माझगाव, गिरगाव, लालबाग आणि परळ आत येतात. वरळी कोळीवाडा आणि पलीकडे उरणचं मोरा बंदर जेमतेम बाहेर राहतात. जमिनीवर अडचण इमारतींची. कफ परेडच्याच मनोऱ्यांच्या सावलीत शंभर वॅटचा एफएम चाचपडत चालेल, गिरगावात कुठे ऐकू येईल, कुठे नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला मात्र उघडा समुद्र आहे, आडवं काही नाही, तिथे हाच सिग्नल बराच लांब जाईल. होड्याही नेमक्या त्याच बाजूला असतात.

खर्चाचं म्हणाल तर अशा केंद्राला ९ कोटी ७५ लाख लागत नाहीत, प्रक्षेपक आणि छोटा स्टुडिओ काही लाखांत उभा राहतो. अर्ज करणारी संस्था ना नफा तत्त्वावरची आणि निदान तीन वर्षं जुनी असावी लागते. अवघड भाग पुढचा आहे: रोज तेवढे तास बोलणारी, गाणारी, तंत्र सांभाळणारी माणसं हवीत, आणि जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असताना लोक गावी गेले तरी केंद्र चालू राहायला हवं. पांबनला ते जमतं, कारण तिथे केंद्र चालवणारे त्याच वाळूत राहतात आणि वेळापत्रक तेच लिहितात.